टांगती फुलपरडी
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एक तरी भाषण घरच्या उपयोगाच्या विषयावर असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा कार्यवाह बाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीतल्या त्या टांगलेल्या फुलझाडांवर बोला. विषय हलकाफुलका आहे, सगळ्यांना आवडेल." मी होकार दिला खरा, पण विषय हलका आहे हे मात्र मला कबूल नाही. ओल्या मातीने भरलेली परडी किती जड असते ते मला चांगले ठाऊक आहे, आणि ते कसे ठाऊक झाले हेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

टांगती बाग म्हटले की मुंबईकरांना मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन आठवते. लहानपणी आम्हांला तिथे नेले होते, तेव्हा झाडे कुठे टांगली आहेत ते शोधीत मी मान वर करून सगळी बाग हिंडले होते. तिथे काहीच टांगलेले नाही! पाण्याच्या मोठ्या टाकीच्या पाठीवर माती पसरून १८८० च्या सुमारास ती बाग केलेली आहे. तिचे नाव आता फिरोजशहा मेहता उद्यान. बाबिलोनच्या जगप्रसिद्ध झुलत्या बागांचीही तीच गत. जुने ग्रीक लेखक सांगतात त्याप्रमाणे त्या बागा एकावर एक चढत जाणाऱ्या गच्च्यांवर लावल्या होत्या, आणि त्या खरोखर होत्या की नाही याबद्दलच विद्वानांत वाद आहे. तेव्हा खरी टांगती बाग पाहायची असेल, तर मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या इमारतीखाली उभे राहून वर पाहावे हे उत्तम.

ही रीत परदेशी आहे असेही कोणी समजू नये. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात शिंके होतेच की! दूध, दही, लोणी मांजराच्या तोंडातून वाचवायला आढ्याला दोरीचे शिंके बांधायचे. परडी म्हणजे ते शिंकेच. फक्त लोण्याच्या जागी फुले. आणि 'शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले' ही म्हणही आपल्यालाच सुचली आहे. परडीचे शिंके तुटले, तर मात्र कोणाचेच पटत नाही.

आता माझी हकीकत ऐका. आम्ही मुलुंडला एका बैठ्या चाळीत राहत होतो. दारापुढे दोन खाटा मावतील एवढेच अंगण. पण माझ्या सासूबाईंनी त्यात तुळस, अनंत, कर्दळ आणि कडेकडेने चिनी गुलाब लावला होता. चिनी गुलाब म्हणजे जमिनीलगत पसरणारे, बारीक मांसल पानांचे आणि रंगीबेरंगी फुलांचे झुडूप. सकाळी ऊन वर आले की त्याची फुले उमलतात आणि दुपार कलली की मिटतात, म्हणून आपल्या उपनगरांत सगळे त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. पुढे चाळ पाडून तिथे मोठी इमारत व्हायचे ठरले. चार वर्षे आम्ही भाड्याच्या जागेत काढली. निघताना सासूबाईंनी अंगणातून एकच वस्तू बरोबर घेतली: डालड्याच्या जुन्या डब्यात ऑफिस टाइमच्या चार काड्या.

नव्या इमारतीत आम्हांला सातवा मजला मिळाला. घर मोठे, नळाला पाणी, लिफ्टची सोय. तक्रार करायला जागा नाही. पण सासूबाई गप्प झाल्या. सवयीने त्या सकाळी उठून दार उघडीत, समोर लिफ्टचे दार दिसे, की पुन्हा लावून घेत. एकदा मी विचारले, "आई, काही हवंय का तुम्हांला?" तर म्हणाल्या, "काही नको ग. सगळं आहे. पायाला माती लागत नाही, एवढंच."

माझ्या मनात आले, माती खाली नाही तर वर टांगावी. तारेच्या पाच परड्या आणल्या, काथ्याचे अस्तर घातले, रोपवाटिकेतून लाल माती आणून त्या काठोकाठ भरल्या, आणि कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला बांधल्या; आत टांगल्या तर गॅलरीत वावरायला जागा उरत नव्हती. हिवाळ्यात पिटुनिया अशी फुलली की रस्त्यावरचे लोक वर पाहू लागले. मधल्या परडीत डब्यातला ऑफिस टाइम होता. सासूबाई पुन्हा बोलत्या झाल्या. आमचे हे तर म्हणाले, "पाच परड्यांत अख्खी चाळ परत आली!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळी पाऊस आला. डोंगराकडून वारा सुटला, परड्या ग्रिलवर आपटू लागल्या. मी पोळ्या करीत होते. मनात म्हटले, एवढ्या दोन झाल्या की आत घेते. तेवढ्यात खालून धप्प असा आवाज आला. मधली परडी फाटकाजवळच्या वॉचमनच्या खुर्चीवर पडली होती आणि खुर्चीचे दोन तुकडे झाले होते. त्याच वेळी एक गाडी आली म्हणून तो फाटक उघडायला उठला होता, इतकेच. मी जिना उतरून धावत गेले. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तोच म्हणाला, "ताई, घाबरू नका. मला काही झालं नाही."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. तो उठला नसता तर? त्याचीही घरी बायको, दोन मुले. माझ्या फुलांच्या हौसेची किंमत त्या घराने द्यायची होती का?

आठवड्याने सोसायटीची सभा झाली, आणि ग्रिलबाहेर टांगलेली, कठड्यावर ठेवलेली सगळी झाडे आठ दिवसांत काढावीत असा ठराव झाला. काही जणी चिडल्या. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर वाईट वाटले. सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. आपल्या फुलांसाठी दुसऱ्याच्या जिवाला घोर नको. उतरव सगळं." मी उतरवले. त्या पुन्हा गप्प झाल्या. या खेपेला मीही.

त्यानंतर मी जे शिकले, ते तुम्हांला क्रमाने सांगते.

पहिला धडा वजनाचा. बारा इंच तोंडाच्या परडीत साधारण सात लिटर माती मावते. ती नुसती लाल माती असेल आणि पावसाने भिजली, तर बारा किलोच्या घरात जाते. बारा किलो म्हणजे तांदळाची भरलेली पिशवी! त्याऐवजी दोन भाग कोकोपीट, म्हणजे काथ्याचा भुसा, एक भाग गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत, एक भाग लाल माती आणि मूठभर कडुलिंबाची पेंड असे मिश्रण केले, तर तीच परडी भिजूनही निम्म्या वजनाची होते. मुळांना हवा मिळते ती वेगळीच. तळाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत; ते पाणी धरून ठेवतात आणि आपल्याकडे फुकट मिळतात.

दुसरा धडा टांगण्याचा. परडी ग्रिलच्या आतच हवी. तुटली तर आपल्याच फरशीवर पडावी. जागा अडते म्हणाल, तर पाचाऐवजी दोनच टांगाव्यात. आकडा गिलाव्यात किंवा शोभेच्या छतात नव्हे, तर स्लॅबमध्ये भोक पाडून, आत पसरणाऱ्या बोल्टने बसवून घ्यावा. कारागीर त्याला फास्टनर म्हणतात. नायलॉनची दोरी उन्हाने विरते आणि वरून पाहता कळत नाही. माझी तशीच विरली होती. जस्ताचा मुलामा दिलेली साखळी वापरावी, उघड्या आकड्याऐवजी बंद होणारी कडी घालावी, आणि मेअखेर प्रत्येक साखळी हाताने ओढून पाहावी. वाऱ्याची चाहूल लागली की परडी खाली उतरवून ठेवावी. पोळ्या थांबू शकतात.

तिसरी गोष्ट लावणीची. बारा इंची परडीत पाच-सहा रोपे पुरेत. मध्ये एक उभे वाढणारे आणि कडेने लोंबणारी. माती काठापासून इंचभर खाली ठेवावी, नाहीतर पाणी घालताना माती वाहून जाते. लावल्यावर परडी लगेच टांगू नये. आठ-दहा दिवस सावलीत जमिनीवर ठेवावी, म्हणजे मुळे धरतात.

आता झाडे कोणती? आपल्या गॅलरीचे तोंड कोणीकडे आहे ते आधी पाहावे. पूर्वेची गॅलरी सर्वांत भाग्याची; सकाळचे कोवळे ऊन बहुतेक फुलांना मानवते. पश्चिमेकडे दुपारचे ऊन भाजून काढते. तिथे ऑफिस टाइम आणि सदाफुली. दक्षिणेकडे हिवाळ्यात भरपूर ऊन असते. तिथे पिटुनिया, व्हर्बिना, फ्लॉक्स. उत्तरेची गॅलरी अगदीच वाया जात नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य मुंबईत किंचित उत्तरेकडे असतो. एरवी तिथे बिगोनिया आणि नेचे सुखाने राहतात.

ऋतूचेही भान हवे. पिटुनिया, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम ही हिवाळी पाहुणी. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात लावावीत, मार्चपर्यंत मुक्काम. उन्हाळ्यात ऑफिस टाइमचे राज्य. पावसाळ्यात तेच झाड सडते, म्हणून त्याच्या काड्या मेअखेर वेगळ्या डब्यात लावून वळचणीला जपाव्यात. पावसात टोरेनिया आणि बिगोनिया चांगली फुलतात, आणि गौरीच्या आवडीचा तेरडा परडीच्या मधोमध छान उभा राहतो. बारमाही हवे असेल तर रसेलिया लावा. तिच्या लाल नळ्यांसाठी शिंजीर येतो. हा इवलासा पक्षी स्वतःचे घरटेसुद्धा टांगतेच बांधतो, आणि तेही आपल्यापेक्षा कितीतरी हलके!

नोकरीवर जाणाऱ्या भगिनींना एक सूचना. ऑफिस टाइम उमलतो तेव्हा तुम्ही लोकलमध्ये असता, आणि तुम्ही परत येता तेव्हा तो मिटलेला असतो. त्याची भेट फक्त रविवारी. तुमच्यासाठी सदाफुली बरी, किंवा पांढरी पिटुनिया. तिचा मंद वास संध्याकाळीच खुलतो.

आता पाणी. टांगलेल्या झाडाला भुईचा ओलावा मिळत नाही आणि वारा सगळीकडून लागतो, म्हणून ते कुंडीतल्या झाडापेक्षा लवकर सुकते. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. हिवाळ्यात एकदा पुरे. कधी घालायचे ते बोटाने पाहावे, किंवा परडी खालून हाताने उचलून पाहावी. हलकी लागली की तहानलेली समजावी. एकदा पूर्ण सुकली, तर वरून ओतलेले पाणी कडेने निसटून जाते. मग ती पाव तास पाण्याच्या टबात बसवावी. पाणीकपातीच्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

पण हे पाणी जाते कुठे? तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर! आपल्या इमारतींतली निम्मी भांडणे अशीच सुरू होतात. यावर उपाय कप्पीचा. कपडे वाळत घालायच्या दांड्या आपण कप्पीवरून वर-खाली करतोच. तशीच परडीही करावी. खाली घ्यावी, मोरीत नेऊन पाणी घालावे, निथळू द्यावी, मग पुन्हा चढवावी. म्हाताऱ्या माणसांना स्टुलावर चढायची गरज राहत नाही, हा आणखी एक फायदा.

काही जणी परडीखाली ताटली लावतात. त्यांना हात जोडून सांगते, ती दर आठवड्याला रिकामी करा आणि घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्महिने तग धरतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, घासायलाच हवे. पडलेली परडी निदान आवाज करते. हा डास तर दिवसाढवळ्या येऊन चावून जातो आणि शेजारचे मूल आजारी पडते.

राहिले खतपाणी. रोजच्या पाण्याबरोबर परडीतला कस वाहून जातो, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका; २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याचे आपण कोणी विसरलेलो नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी शेणाचे पातळ पाणी किंवा गांडूळखताचे पाणी द्यावे. दूध-साखर नसलेला, धुतलेला चहाचा चोथाही चालतो. सुकलेली फुले रोज खुडावीत. बी धरू दिले की झाड फुलणे थांबवते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला, तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारावे.

इतकी उस्तवार कशाला, असे कोणी विचारील. सह्याद्रीत पावसाच्या तोंडाशी झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी फुलते, ती तर अधांतरीच असते, तिला कोण पाणी घालते? पण तिची जाड मुळे हवेतला ओलावा पिण्यासाठीच घडलेली आहेत. (ती जंगलातून कोणी ओरबाडून आणू नये, हेही सांगून ठेवते.) आपली पिटुनिया, सदाफुली ही भुईची लेकरे. त्यांना आपण हौसेने वर टांगले, तर त्यांची भुई आपणच व्हायला हवे. आणि खालून जाणाऱ्या माणसाची काळजीही आपणच वाहायला हवी.

माझी हकीकत अर्धी राहिली. सभेनंतर महिन्याभराने सासूबाई माझ्याबरोबर भाजीला खाली उतरल्या. फाटकापाशी, पत्र्याच्या शेडखाली वॉचमनच्या नव्या खुर्चीजवळ तेलाचा एक रिकामा डबा होता, आणि त्यात ऑफिस टाइम तरारला होता. पडलेल्या परडीतल्या काड्या त्याने दुसऱ्या दिवशी वेचून लावल्या होत्या! "फेकवलं नाही, आजी," तो म्हणाला. सासूबाई तिथेच खुर्चीवर बसल्या, कितीतरी वेळ त्या डब्यातली माती बोटाने चाचपीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला चार काड्या देशील का?"

दिवाळीनंतर आम्ही नव्या रीतीने, ग्रिलच्या आत, कप्पीवर, हलक्या मातीच्या दोनच परड्या केल्या. आधी सोसायटीच्या चिटणिसांना वर बोलावून दाखवल्या. त्यांनी साखळी स्वतः ओढून पाहिली आणि मग चहा घेतला. सासूबाई पुढे तीन वर्षे होत्या. गेल्या त्या दिवशी सकाळीही परडी खाली घेऊन त्यांनी फुले खुडली होती. आज आमच्या इमारतीत चौदा घरांत त्या काड्यांची रोपे आहेत, आणि फाटकाजवळचा डबाही आहे.

शेवटी एक विनंती. कॅनडात व्हिक्टोरिया नावाचे शहर आहे. १९३७ साली त्याला ७५ वर्षे झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना फुलांच्या परड्या टांगल्या आणि पुढे ती प्रथाच पडली. राणीचे नाव ते शहर अजून लावते; भायखळ्याची आपली राणीची बागही एके काळी लावीत असे. तिथे पाणी घालायला नगरपालिकेची माणसे आहेत, आपल्याकडे आपणच. तरी आपल्या वर्धापनदिनालाही असे काही करता येईल. आज दाराशी मी एक टोपली ठेवली आहे. तिच्यात ओल्या कागदात गुंडाळलेल्या काड्या आहेत. जाताना प्रत्येकीने चार न्याव्यात. दोन आपल्या परडीसाठी, आणि दोन आपल्या परडीखाली जो कोणी बसत असेल त्याच्यासाठी.